मोका मूस आणि पाच महिन्यांचा पाऊस

गेल्या आठवड्यात आमच्या इंटिरिअरवाल्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वर नव्या वर्षाच्या शुभेच्छा, खाली '२०२६चे होम ट्रेंड्स' नावाची बावीस पानी पीडीएफ, आणि शेवटी 'काकू, आम्हाला रेटिंग द्या ना प्लीज'. सोबत पाच पिवळ्या चांदण्या, आधीच रंगवून ठेवलेल्या. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्जाच्या टेबलावर. कुणी भरून आणलेला फॉर्म पुढे सरकवला की माझा हात आपसूक थांबतो. म्हणून चांदण्या नंतर, आधी हिशोब.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुण्याची आहे, बरी आहे, आणि तिच्यासारख्या दहा आहेत. मी जे लिहितेय ते त्या दहांनाही लागू पडेल.

घर चिपळूणला, दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके, कार्पेट सातशे दहा फूट. दुसराच मजला का, हे चिपळूणकराला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी पंख्याच्या पात्यांना लागलं होतं. चिखल उपसायला तीन आठवडे गेले. त्या चिखलातून काय वाचलं? आजेसासऱ्यांचा सागवानी झोपाळा, फणसाच्या लाकडाचे चार पाट, पितळेची भांडी आणि गंजलेलं का होईना पण उभं राहिलेलं लोखंडी कपाट. टीव्हीचं प्लायवूडचं युनिट मात्र हात लावला तर चहात बुडवलेल्या खारीसारखं पदर पदर होऊन सुटलं. तेव्हापासून मला फर्निचर दाखवलं की मी आधी त्याची कड बघते, रंग मागाहून.

तर गेल्या वर्षी मुलगा आणि सून म्हणाले, आता नीट इंटिरिअर करून घ्या, आम्ही निम्मे पैसे घालतो. कोटेशन आलं नऊ लाख चाळीस हजारांचं, वर अठरा टक्के जीएसटी. पंचेचाळीस दिवसांत काम देतो म्हणाले, चौऱ्याहत्तर लागले. शेवटचा कारागीर २८ एप्रिलला गेला, ३० तारखेला अक्षय्य तृतीयेला आम्ही दूध उतू घालवलं, आणि २५ मेच्या सुमाराला पाऊस आला. २०२५ साली तो मे महिन्यातच कोकणात उतरला, आणि दिवाळीतसुद्धा हलायला तयार नव्हता. म्हणजे नवं घर पंचवीस दिवस कोरडं आणि पुढचे पाच महिने ओलं. परीक्षा घ्यायची तर याहून कडक पेपर निघाला नसता.

आधी ती थ्रीडी चित्रं. कंपनीच्या डिझायनर मुलीनं, चोवीस-पंचवीसची असेल, लॅपटॉपवर आमचं घर दाखवलं. सुंदरच होतं. प्रत्येक खोलीत डावीकडून ऊन येत होतं. आमच्या हॉलच्या डावीकडे शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आहे. पण तेही एक वेळ सोडा. सगळी चित्रं दोनदा पाहून मी विचारलं, "कपडे कुठे वाळत घालायचे?" ती म्हणाली, "काकू, ड्रायर घ्या ना." जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अख्खं कोकण हॉलमध्ये दोऱ्या बांधून पंख्याखाली कपडे वाळवतं, आणि इंटिरिअरच्या एकाही चित्रात ओला टॉवेल नसतो. शेवटी बाल्कनीत आणि मागच्या खोलीत छताला दोरीनं वर-खाली होणारे स्टँड बसवून घेतले. कोटेशनमध्ये नव्हते. बाजारातून आणले, प्रत्येकी अठराशे रुपये. सगळ्या घरात मी रोज हात लावते अशी वस्तू कुठली म्हणाल तर ती हीच.

रंगाबद्दल मात्र कंपनीला पैकीच्या पैकी. पँटोन नावाची अमेरिकन कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते, आणि मग जगभरचे सोफेवाले, भिंतीवाले, पडदेवाले त्यामागे धावतात. २०२५चा होता मोका मूस. आमच्याकडे पाहुण्यांना चहा देताना दूध जरा जास्त पडलं की जो रंग होतो, तोच. मला वाटलं होतं, पावसाळ्यात आधीच अंधार, त्यात तपकिरी भिंती, म्हणजे घर की गुहा? झालं उलटंच. जुलैत बाहेर दिवसभर राखाडी उजेड असतो. त्या उजेडात आमच्या जुन्या घरातल्या पांढऱ्या भिंती सरकारी दवाखान्यासारख्या दिसायच्या. ही भिंत दुपारी चारला दिवा न लावताही उबदार दिसते. शिवाय आमची माती तांबडी. नातू चपला घालून आत आला काय आणि छत्री भिंतीला टेकवली काय, डाग रंगात विरून जातो. ट्रेंडच्या नावाखाली आलेली ही एकच गोष्ट अशी की ती पुसावी लागत नाही.

आता फ्लूटेड पॅनल. हल्ली टीव्हीमागची भिंत उभ्या खाचांची नसेल तर घर जुनं समजतात. आमच्याकडे आठ फूट रुंद आहे. खाचा सत्त्याण्णव. मोजल्यात मी, कारण पुसल्यात मी. फडकं खाचेत जात नाही. व्हॅक्युमचा ब्रश जातो, पण पावसाळ्यात धूळ कोरडी नसते, ती चिकटून बसते. शेवटी रंगाऱ्याकडचा एक इंची ब्रश आणला. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात ती भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाल्या, "ताई, हिचे पैसे वेगळे द्या." दिले. महिना दोनशे.

पण खरं दुखणं खाली होतं. हे पॅनल म्हणजे एमडीएफ: लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक दाबून केलेला बोर्ड, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. समोरून पाणी उडालं तर काही होत नाही. पण कापलेली कड उघडी राहिली असेल तर ती टीपकागदासारखी पाणी ओढते. पॅनल थेट फरशीला टेकवलं होतं. रोज पोछा फिरत होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी खाली पडलेलं रिमोट उचलायला वाकले तर डावीकडच्या कोपऱ्यात चार बोटं उंचीपर्यंत खाचा बुजल्या होत्या. तंतू फुगून खाच आणि उंचवटा एक झाले होते, वरचा पापुद्रा भाजलेल्या पापडासारखा उचलला होता. नखानं दाबलं तर आत गेला.

तक्रार केली. दोन दिवसांत उत्तर आलं आणि आठव्या दिवशी ती डिझायनर मुलगी स्वतः सुतार घेऊन आली, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. भर पावसात पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून आली. जीन्स गुडघ्यापर्यंत ओली. दारात उभी राहून आमचा हॉल बघत राहिली. त्या दिवशी मागच्या खोलीत जागा पुरली नव्हती, म्हणून तिनंच काढलेल्या कमानीखालून दोरी गेली होती आणि दोरीवर यांच्या बनियन्स.

"काकू, हे असंच असतं चार महिने?"

"यंदा पाच," मी म्हटलं, आणि तिला आधी टॉवेल दिला.

त्यांनी पॅनल खालून चार इंच कापलं, कड सील केली आणि ग्रॅनाइटची पट्टी बसवली. एकही पैसा घेतला नाही. मग ती पट्टी पहिल्याच दिवशी का नव्हती, हे मी विचारलं. "लुक तुटतो," असं उत्तर होतं. लुक कसा तुटतो ते तिनं पाहिलंच होतं.

आता प्लायवूड. याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण इथे माझी बँकेतली नोकरी कामाला आली. बोलण्यात सगळीकडे बीडब्ल्यूपी होतं. हे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारं प्लाय. त्याचं भारतीय मानक आयएस ७१०, बाजारात त्यालाच मरीन प्लाय म्हणतात. कोटेशनच्या सातव्या पानावर मात्र तळाला बारीक अक्षरात होतं: किचनचा सांगाडा बीडब्ल्यूपी, इतर युनिट्स 'एमआर किंवा समतुल्य'. 'समतुल्य' हा शब्द दिसला की मी कर्जाची फाइल परत पाठवायची. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट. नावातच फसगत आहे. माणसाला वाटतं ओलीला टिकेल. ते हवेतल्या थोड्याफार दमटपणाला टिकतं, पाण्याला नाही. त्यातला डिंक वेगळा, स्वस्त, पाण्यानं सुटणारा. पुण्यातल्या बेडरूममधल्या कपाटाला ते चालूनही जाईल. आमच्याकडे जुलैत पापडाचा डबा दोन मिनिटं उघडा राहिला तर पापड चपातीसारखे वाकतात.

सगळीकडे आयएस ७१० लागेल, असं मी लिहून घेतलं. बासष्ट हजार वाढले. मग काम चालू असताना एका दुपारी सुतारांनी टाकलेल्या कटपीसमधले दोन उचलले, एक किचनचा, एक वॉर्डरोबचा, पेन्सिलनं खुणा केल्या आणि एका जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. मानकाच्या चाचणीत बहात्तर तास उकळतात. माझ्याकडे एक सिलिंडर आणि तीन तास होते. तेवढे पुरले. किचनचा तुकडा होता तसा निघाला, फक्त काळवंडला. वॉर्डरोबचा चिमट्यानं उचलला तर निम्मा हातात आला, निम्मा पातेल्यात राहिला. एकेक पदर सुटा. घरभर ओल्या लाकडाचा आणि औषधासारखा वास, आणि हे स्वयंपाकघरात येऊन विचारतायत, "आज काय आहे?"

खाली जाऊन पार्किंगमधली शीटं पाहिली. त्यांवर शिक्का आयएस ३०३चा, खाली एमआर. प्रमाणित शीटवर असा शिक्का असतो, फक्त कुणी वाचत नाही. साइट सुपरवायझर म्हणाला, गोडाऊनमधून चुकून आलं असेल. असेल. त्यानं अकरा दिवसांत सगळी शीटं बदलली, आणि तिथेच आमचं वेळापत्रक पहिल्यांदा कोलमडलं. वाद फारसा घातला नाही त्यानं. तुकडा टेबलावर होता. पाच महिन्यांच्या पावसानंतर आज एकाही कपाटाचं दार घासत नाही, कुठे लॅमिनेटची कड उचललेली नाही. एवढ्या सगळ्या ट्रेंडमध्ये कुणालाही न दिसणारी ही गोष्ट, आणि घराला घरपण तिनंच राखलंय. ते पातेलं मात्र पुन्हा दुधाला लावलं नाही.

हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला 'लाइमवॉश' आहे. ढगाळ, खालीवर छटा असलेली, हात फिरवावासा वाटणारी भिंत. चौरस फुटाला एकशे वीस रुपये. लाइम म्हणजे चुना, म्हणून मी हरखले होते. माझं माहेर गुहागरकडचं. गणपतीच्या आधी आजी कळीचा चुना पिंपात विरवायची. पाणी ओतलं की तो चुलीवर ठेवल्यासारखा रटरटायचा, आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. मग त्यात चिमूटभर नीळ, आणि काथ्याच्या कुंच्यानं भिंतींना दोन हात. त्या भिंतींना बुरशी क्वचितच धरायची. चुना जहाल अल्कधर्मी, बुरशीला तो मानवत नाही. शिवाय तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. हे कारण मला पुढे कळलं. आजीला नुसता परिणाम माहीत होता.

तर आमच्या लाइमवॉशचा रिकामा डबा मी गच्चीवर कुंडी करायला नेला आणि त्यावरचा मजकूर वाचला. ॲक्रिलिक. चुन्याचा कण नाही, चुन्यासारखं दिसणारं प्लॅस्टिक. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ऑगस्टमध्ये सोफ्यामागे मोहरीएवढे काळे ठिपके आले. इथे खापर एकट्या कंपनीवर फोडणार नाही. त्या भिंतीला बाहेरून तडा आहे आणि सोसायटी तीन वर्षं 'पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ' म्हणतेय. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, रात्री पंखा चालू ठेवला, ठिपके वाढायचे थांबले. पण 'लाइमवॉश इफेक्ट' आणि 'लाइमवॉश' यांत काय फरक ते कोटेशनमध्ये लिहायला एक ओळ पुरली असती.

स्वयंपाकघर हँडलविना आहे. ओट्याखाली ॲल्युमिनियमची आडवी खाच, तिला गोला प्रोफाइल म्हणतात, तिच्यात बोटं घालून ड्रॉवर ओढायचे. फोटोत फार सुबक दिसतं. ज्यानं हे शोधलं त्याच्या घरी नारळ खवत नसावेत. ओटा पुसताना नारळाचा चव, पीठ, फोडणीतून उडालेली मोहरी, सगळं कडेवरून थेट खाचेत. तिसऱ्या दिवशी मुंग्या. जुना टूथब्रश तिथेच टांगून ठेवलाय. आणि दुसरी अडचण मोदकांच्या दिवशी कळली. दोन्ही हात उकडीनं माखलेले, साजूक तुपाचा डबा ड्रॉवरमध्ये. हँडल असतं तर करंगळी अडकवून ओढता येतं. खाचेत चारही बोटं घालावी लागतात, तीही वळवून. त्याच संध्याकाळी बाजारातून सहा पितळी मुठी आणल्या आणि ओळखीच्या सुतारदादांकडून खालच्या तीन ड्रॉवर्सना बसवून घेतल्या. "वहिनी, नव्या कोऱ्या दाराला भोक पाडू?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पाडा म्हटलं.

ओट्यासाठी कंपनी पांढऱ्या क्वार्ट्झच्या मागे होती. मी काळ्या ग्रॅनाइटवर अडून बसले. एक तर क्वार्ट्झ हा बनवलेला दगड, भुकटी रेझिननं बांधलेली; त्यावर मी मोदकपात्र सरळ उतरवलं तर डाग धरणार. आणि दुसरं कारण माझा मेलबर्नचा भाचा. त्याच्याकडून कळलं, ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४पासून हा दगड कापायला, विकायला, बसवायला बंदी आहे. घरात बसलेला ओटा कुणाला काही करत नाही, पण कापताना जी धूळ उडते तिच्यातल्या सिलिकानं तिथल्या तरुण कारागिरांची फुप्फुसं गेली. सिलिका ग्रॅनाइटमध्येही असते, पण या बनवलेल्या दगडात ती नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. आमच्या पार्किंगमध्ये ग्रॅनाइट कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच कापत होता. मी वरून बादली आणि पाण्याचा मग नेला, मास्क दिला, आणि दुसऱ्या पोराला पात्यावर पाण्याची धार धरायला लावली. पार्किंगमध्ये चिखल झाला, सोसायटीच्या सेक्रेटरींची बोलणी खाल्ली. आता नव्या पीडीएफमध्ये पान नऊवर पुन्हा तोच पांढरा दगड आहे.

दिवे. इथे यांचा आणि माझा वाद झाला. आमचं सगळं आयुष्य साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली गेलेलं. कंपनीनं सगळीकडे तीन हजारचे पिवळसर दिवे लावले (आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा). पहिल्या रात्री हे म्हणाले, लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतंय. आठ दिवसांत सवय झाली, आणि आता शेजाऱ्यांकडे गेलं की डोळ्यांत खुपतं. फक्त वाचायच्या खुर्चीवर चार हजारचा वेगळा लावून घेतला, पेपरातलं कोडं पिवळ्या उजेडात सुटेना.

पण दिवे 'स्मार्ट' आहेत. चिपळूणला पावसात वीज जाणं ही बातमी नसते. जुलैतल्या एका रात्री गेली ती अडीचला आली, आणि हॉल, पॅसेज, आमची बेडरूम, सगळं एकदम लखलखलं. वीज परत आली की हे दिवे आधी बंद होते की चालू ते विसरतात आणि पूर्ण तेजानं पेटतात. मोबाइल शोधा, वायफाय सुरू व्हायची वाट बघा, मग ॲपमध्ये जाऊन विझवा. हे उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. तेव्हापासून आमचे स्मार्ट दिवे बटणावर चालतात. (ॲपमध्ये ती सवय बदलायची सोय असते, ते सुनेनं गणपतीत येऊन केलं. कंपनीनं सांगितलं नव्हतं.) छतातल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा डबा) मात्र सप्टेंबरात गेला, आणि तो बदलायला फॉल्स सीलिंग कापावं लागलं, कारण आत हात घालायला झाकणच ठेवलेलं नव्हतं. चारशे रुपयांच्या डब्यासाठी अडीच हजारांचं पीओपी.

बाकीचं भराभर. शू-रॅकला वेताच्या जाळीची दारं आहेत. जुलैत त्यांच्यावर पांढरी लव आली, दर आठवड्याला व्हिनेगरच्या फडक्यानं पुसावी लागते. तरी मी ती बदलणार नाही, कारण यंदा पहिल्यांदाच बुटांना कुबट वास आला नाही. जाळीतून हवा खेळते. गोल सोफा जिन्यातून वळेना, बाल्कनीतून दोरखंडानं चढवला. त्यामागे जी त्रिकोणी जागा उरते तिथे छत्र्या ठेवतो. घरातल्या झाडांनी डास आणले, ती बाल्कनीत गेली. कमानीच्या आकाराचा भिंतीतला कोनाडा, कोटेशनमध्ये 'आर्च्ड निश', चौदा हजार रुपये. एवढे पैसे कोनाड्याला, म्हणून मी कुरकुरले होते. २७ ऑगस्टला गणपती तिथे बसले, मखराची गरजच पडली नाही. चौदा हजार वसूल.

आणि झोपाळा. कंपनीच्या पहिल्या चित्रात तो नव्हता; 'थीममध्ये बसत नाही' म्हणाले. आता पीडीएफमध्ये पान चौदावर सागवानी झोपाळा आहे, 'हेरिटेज ॲक्सेंट' म्हणून, ऐंशी हजारांपासून पुढे. माझा आहे तिथेच आहे, हॉलच्या मधोमध. पुराच्या पाण्याची रेघ त्याच्या पाठीवर आम्ही मुद्दाम पॉलिश न करता ठेवलीय.

त्याच पीडीएफमध्ये पान सतरावर 'लॅटराइट ॲक्सेंट वॉल' बघून मी एकटीच मोठ्यानं हसले. जांभा! आमच्याकडे गडगे बांधतात त्याचा, विहिरी बांधतात, अख्खी घरं बांधतात. त्याचे इंचभर जाडीचे काप आता हॉलमध्ये भिंतीवर चिकटवायचे. दिसतं देखणं, नाकारत नाही. पण चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला विचारा: आतल्या बाजूनं गिलावा का करत होते? त्या भिंतीला पाठ टेकली की शर्ट तांबडा होतो आणि तिच्या प्रत्येक भोकात कोळी. सीलर मारून घ्यावा लागेल, दर दोन-तीन वर्षांनी. पुण्यात करा. आमच्याकडे नको.

भिंती, छत, दरवाजे सगळं एकाच रंगात बुडवायचं, त्याला 'कलर ड्रेंचिंग' म्हणतात, तेही आहे. छत गळलं तर डाग कुठून आला ते सापडणार नाही, एवढंच मला सुचलं.

तर चांदण्या. रंगाला आणि कोनाड्याला पाच. प्लायला पाच, पण त्यातल्या दोन माझ्या पातेल्याच्या. दुरुस्तीला चार, फोन उचलतात, येतात, नाही म्हणत नाहीत. आधी विचार करण्याला दोन. हिशोब करून साडेतीन होतात, ॲपमध्ये अर्धी नाही, म्हणून तीन दिल्या. फोटो जोडा म्हणाले होते, मी उकळलेल्या तुकड्याचा जोडला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन. रागावली असेल वाटलं. ती विचारत होती, "काकू, किती वेळ उकळलं होतं?" रत्नागिरीला नवीन काम मिळालंय म्हणे.

सुनेचं आता २०२६च्या रंगावर मन आहे. पँटोननं या वेळी पांढरा काढलाय, नाव क्लाउड डान्सर. "आई, निदान एक भिंत?" म्हणून दोनदा विचारून झालं. बाल्कनीची दिली. तिथला सिमेंटचा गिलावा उघडाच आहे, रंग कधी लावला नव्हता. गणपतीच्या आधी गुहागरहून कळीचा चुना आणायचा, पिंप आहे, कुंचा मिळेल. नीळ थोडी कमी घालीन.